धोरण दिल्लीत, रेचा तालुक्यात

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण मेकॅनिकल इंजिनीअरने विचारलं आहे: "वेचलेल्या कापसातला पालापाचोळा आणि कवडी (किडका, खराब कापूस) वेगळी करणारं एक छोटं यंत्र मी बनवलं आहे. मेक इन इंडिया, पीएलआय (उत्पादनावर मिळणारं सरकारी प्रोत्साहन), संशोधन निधी, टेक्सटाइल पार्क असं रोज काहीतरी ऐकतो. देशाच्या धोरणाने नवे शोध लागतात का? उद्योग जगाच्या बाजारात टिकतो का? आणि तालुक्याच्या गावातल्या माझ्यासारख्याच्या हाती त्यातलं काय लागतं?"

भाऊ, आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी एकतीस वर्षं जिनिंग-प्रेसिंगमध्ये आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायची आणि तिच्या गाठी बांधायच्या. सुरुवात दुसऱ्याच्या जिनमध्ये फिटर म्हणून केली. नंतर सुपरवायझर झालो, पुढे भागीदारीत स्वतःचं जिन टाकलं आणि हंगाम नसताना हात रिकामे राहू नयेत म्हणून तूरडाळीची एक छोटी मिल. अर्थशास्त्र मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पण दिल्लीत निघालेला कागद आमच्या रेच्यापर्यंत (रुई काढायच्या यंत्रापर्यंत) येताना त्याचं काय काय होतं, ते जवळून पाहिलं आहे.

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर "हो" असं आहे. माझ्या डोळ्यांसमोर एकदा ते झालेलं आहे, आणि ते कशामुळे झालं हे नीट समजून घेतलं तर बाकीच्या योजना कुठे लंगड्या पडतात ते आपोआप कळतं.

1990 च्या दशकातलं जिन तुम्ही पाहिलेलं नसेल. मातीच्या अंगणात कापसाच्या गंज्या. बायका टोपल्यांनी कापूस उचलून रेच्याच्या तोंडाशी ओतायच्या. रेच्यातून निघालेली रुई पुन्हा त्याच अंगणात पडायची, तिच्यावर झारीने पाणी शिंपडायचं आणि मग ती ट्रकमध्ये कोंबून प्रेसिंगला दुसऱ्या गावी न्यायची. वाटेत तिच्यात काय मिसळायचं म्हणता! बिडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, केस, कोंबडीची पिसं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे प्लास्टिकच्या पोत्याचा धागा. हा धागा रुईत डोळ्याला दिसत नाही, सुतात दिसत नाही. कापड रंगवल्यावर मात्र पांढरी रेघ उमटते, कारण तो रंग धरत नाही. कोइमतूरकडच्या एका गिरणीने आमच्या तेव्हाच्या मालकाला रंगवलेल्या कापडाचा हातभर तुकडा पाठवला होता. त्यावर अशा पाच रेघा होत्या आणि सोबत बिलातून कापलेल्या रकमेचा कागद. मालकाने तो तुकडा ऑफिसच्या भिंतीला खिळ्याने ठोकला. पुढे कित्येक वर्षं तो तिथेच होता.

जगभरच्या सूतगिरण्यांच्या पाहण्यांत तेव्हा भारतीय कापूस सर्वांत अस्वच्छ मालात मोजला जायचा. फेब्रुवारी 2000 मध्ये केंद्राने कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन सुरू केलं. त्याचे चार भाग होते: संशोधन, ते कास्तकारापर्यंत पोचवणं, बाजार समित्यांची आवारं, आणि चौथा भाग जिनिंग-प्रेसिंगचा. चौथ्या भागात खर्चाच्या 25 टक्के, ठरलेल्या मर्यादेत, अनुदान होतं.

25 टक्के म्हणजे फार नाही. त्याहून मोठी अनुदानं याआधी आणि नंतरही येऊन गेली. पण या पैशाला अटी होत्या, आणि त्या अटी लिहिणाऱ्याने जिन आतून पाहिलेलं असावं. अंगण पक्कं हवं. कापूस हातांनी नव्हे, हवेच्या नळीने किंवा पट्ट्याने रेच्यापर्यंत गेला पाहिजे. कचरा काढायची सोय हवी, ओलाव्याची सोय हवी, प्रेस त्याच आवारात हवा. म्हणजे रुईला माणसाचा हात आणि मातीचा स्पर्श होऊच नये. पाहणी झाल्याशिवाय पैसे सुटायचे नाहीत.

दुसरी गोष्ट याच वेळी झाली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरच्या अमरावती रोडवर आहे. नवी यंत्रं आली तेव्हा ती चालवायला माणसं तिथे तयार झाली. मी शिकलो तोही तिथेच. रोलर आणि सुरी यांच्यातला दाब किती ठेवायचा, रोलरची चाकं झिजल्यावर त्यांवर खाचा केव्हा पाडायच्या, कापूस फार कोरडा असेल तर तंतू कसा तुटतो. तोवर हे सगळं आम्ही कानाने करायचो. रेच्याचा आवाज बदलला की मिस्त्री उठायचा. आवाजाने तो बहुतेक वेळा बरोबर ओळखायचाही, पण का ते त्याला सांगता यायचं नाही, त्यामुळे पोराला शिकवताही यायचं नाही.

तिसरी गोष्ट नागपूरच्या यंत्र बनवणाऱ्यांची. देशभर एकाच वेळी शेकडो जिनांना एकाच दर्जाची यंत्रं लागली आणि हा बाजार त्यांच्या दारात होता. पहिल्या दोन वर्षांतल्या त्यांच्या यंत्रांना आम्ही काय शिव्या दिल्या असतील! पण दोष सांगायला जाणारा जिनवाला तासाभराच्या अंतरावर राहत होता, रोज जाऊन डोक्यावर बसत होता. यंत्र सुधारत गेलं. रोलर मोठे झाले, एका रेच्याची रुई दुपटीवर गेली. आज नागपुरात बनलेले डबल रोलर रेचे आफ्रिकेतल्या कापूस पिकवणाऱ्या देशांत जातात. तंतू न तोडणारं रोलर जिनिंग हे भारताचं बलस्थान आहे, आणि त्याच्या कारखानदारीचं मोठं केंद्र आपल्या विदर्भात आहे. तुम्हाला स्पर्धाक्षमतेचा नमुना हवा होता ना? हा घ्या.

यात पैसा होता, पण पैशाला दर्जाची अट होती. शिकवणारी संस्था होती. गिऱ्हाईक आणि कारागीर एकमेकांना रोज भेटत होते. आणि हे सगळं एकाच दशकात, एकाच भागात जुळून आलं. यातलं एक काढून घ्या, उरतं ते नुसतं अनुदान. नुसत्या अनुदानाचं काय होतं ते पाहायचं असेल तर आपल्याकडच्या सहकारी सूतगिरण्या पाहा. कितींची शेडं उभी राहिली, कितींची चाती फिरली आणि किती काळ फिरली, हे तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. तिथे शासनाने भांडवल दिलं होतं, मागितलं काहीच नव्हतं.

आता मोठ्या धोरणांकडे येतो. 2011 च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने म्हटलं होतं की 2022 पर्यंत देशाच्या उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 25 टक्के करू आणि 10 कोटी रोजगार देऊ. 2014 मध्ये मेक इन इंडिया आलं. वाटा सतराच्या आसपासच घुटमळत राहिला. 2020 पासून पीएलआय आली: चौदा क्षेत्रं, जवळपास 2 लाख कोटी रुपये. मोबाइलच्या बाबतीत तिने काम केलं हे मी मान्य करतो. पण कापडाची पीएलआय, 10,683 कोटींची, कशासाठी आहे ते वाचलंत का? कृत्रिम धाग्याचं कापड व कपडे आणि तांत्रिक वस्त्रं. कापूस त्यात नाही. आणि योजनेच्या दोन भागांसाठी सुरुवातीची किमान गुंतवणूक 300 कोटी आणि 100 कोटी अशी होती, पुढे ती निम्मी केली. यवतमाळात 50 कोटी घालणारे किती आहेत? याला मी अन्याय म्हणत नाही. जगाच्या बाजारात कृत्रिम धाग्याचा वाटा मोठा आहे आणि आपण तिथे मागे आहोत, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येणार नाही. फक्त ही योजना आपल्यासाठी नाही हे ओळखून तिच्या मागे वर्ष घालवू नका, एवढंच.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र हा टेक्सटाइल पार्क होतोय. 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. कल्पना चांगली आहे: शेतातून धागा, धाग्यातून कापड, कापडातून कपडा, सगळं एका ठिकाणी. आपला कापूस तामिळनाडूला जातो आणि शर्ट होऊन परत येतो, ते थांबेल. पण माझी नजर वेगळ्या गोष्टीवर असेल. त्या हजार एकरांत तुमच्यासारख्याला यंत्र लावून पाहायला एक शेड मिळते का? कारखान्यांसाठी जागा सगळेच पार्क ठेवतात. चुका करायला जागा ठेवणारा पार्क मी अजून पाहिलेला नाही.

धोरणाला जिथे सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त शोध मिळतील, ती जागा माझ्या मते मोजमापाची आहे. बाजार समितीत डिसेंबरच्या सकाळी उभे राहा. बंड्या आणि मेटॅडोर रांगेत. व्यापारी येतो, बंडीत कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, चिमटीत ओढून तंतू पाहतो, दोन सरक्या दाताखाली फोडतो आणि भाव बोलतो. अर्ध्या मिनिटात वर्षाचा निकाल. तो माणूस हुशार असतो, ओलावा त्याला दातावर कळतो. पण त्याला न कळणारी एक गोष्ट आहे: एका क्विंटलमधून रुई किती निघणार.

हिशेब करून दाखवतो. रुई 150 रुपये किलो आणि सरकी 35 रुपये किलो धरली, तर क्विंटलला 34 ऐवजी 37 किलो रुई देणारा कापूस 345 रुपयांनी जास्त मोलाचा आहे. बाजारात दोघांना भाव एकच. मग कास्तकाराने जास्त रुईचं वाण का मागावं? आणि बियाण्याच्या कंपनीने ते का शोधावं? बोंड मोठं दिसलं की पाकीट खपतं. शोध लावायची अक्कल आपल्याकडे आहे. लागलेल्या शोधाची किंमत मोजायला काटा नाही.

अमेरिकेचं कृषी खातं जवळपास प्रत्येक गाठीचा नमुना यंत्रावर तपासतं. लांबी, ताकद, तलमपणा, रंग, सगळं. 1991 पासून तिथे यंत्राचा आकडा हाच सगळ्यांचा आकडा आहे. गाठीमागे किरकोळ फी. गाठीचा नंबर टाकला की टेक्ससमधली रुई आशियातल्या गिरणीला न पाहता घेता येते. त्या आकड्यामुळे तिथे वाण बदललं, जिनिंग बदललं, वेचणीची यंत्रं बदलली. कुणाला पुरस्कार द्यावा लागला नाही, चांगल्या मालाला त्याच दिवशी जास्त पैसे मिळायला लागले. आपल्याकडे कस्तुरी कॉटन भारत या नावाने गाठीवर कोड लावून तिचा माग ठेवायचं काम सुरू झालं आहे, ती दिशा बरोबर आहे. उलट 2023 च्या गाठींच्या गुणवत्ता आदेशाचं पाहा. त्यात मोजमाप जिनच्या दारात सुरू होतं. बाजारात ओला कापूस कुणी मोजायचा नाही आणि त्याच कापसाची गाठ मात्र प्रमाणात बसली पाहिजे! जिनवाल्यांनी ओरड केली, अंमलाची तारीख पुढे सरकत गेली. मी जिनवाला आहे म्हणून बाजू घेतोय असं वाटेल, पण मला आदेश नको आहे असं नाही. मला तो एक पाऊल आधी, बाजार समितीच्या काट्यावर सुरू झालेला हवा आहे.

दुसरं दुखणं म्हणजे धोरणाची धरसोड. 5 मार्च 2012 ला कापसाच्या निर्यातीवर एकदम बंदी आली, नंतर काही दिवसांत ती सैल झाली. त्या काही दिवसांत माझ्या गोदामात पडलेल्या गाठींवर बँकेचं व्याज चालूच होतं. 2021 च्या अर्थसंकल्पात आयातीवर 11 टक्के शुल्क बसलं. 2022 मध्ये काही महिने उठलं. ऑगस्ट 2025 मध्ये परत उठलं आणि आधी सप्टेंबर, मग डिसेंबरअखेरपर्यंत उठलेलंच राहिलं. म्हणजे बरोब्बर आपला कापूस बाजारात यायच्या वेळी. गिरण्यांची बाजूही खरी आहे, त्यांना महाग रुईत निर्यात परवडत नाही. पण रेच्याला नवी यंत्रणा बसवायची तर कर्ज पाच-सात वर्षांचं असतं आणि नियम पाच-सात महिन्यांचा. अशा हवेत शहाणा माणूस यंत्रात पैसा घालत नाही, तो साठा करतो आणि भाव चढायची वाट पाहतो. आमच्या धंद्यात सट्टेबाज जास्त आणि संशोधक कमी का, याचं अर्धं उत्तर यात आहे.

चांगल्या हेतूचा कायदा कसा उलटतो तेही ऐका. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत हा नियम 2006 च्या कायद्यात आहे. कुणी पाळत नव्हतं. मग आयकरात कलम आणलं की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरता येणार नाही. मी पेढे वाटायचेच बाकी होते. मार्च 2024 मध्ये माझ्याकडून डाळ घेणाऱ्या एका मोठ्या खरेदीदाराचा फोन आला: "तुमची उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) काढून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडून घेऊ." मी काढली नाही, त्याने निम्मा माल कमी केला. तरीही हा नियम राहावा असंच माझं मत आहे. छोट्या कारखानदाराचा पैसा चार-चार महिने दुसऱ्याकडे अडकला तर तो प्रयोग कशातून करणार?

संशोधनावरचा खर्च हा विषय मोठा आहे, मी थोडक्यात सांगतो. भारत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के संशोधनावर खर्च करतो. चीन अडीचच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या आसपास. आपल्याकडे त्यातला मोठा भाग सरकार करतं, उद्योग कमी. कंपन्यांनी संशोधन करावं म्हणून एकेकाळी आयकरात 200 टक्के वजावट होती, ती 150 वर आली आणि 2020-21 पासून 100 वर. आता केंद्राने 1 लाख कोटींचा संशोधन निधी मंजूर केला आहे, लांब मुदतीच्या स्वस्त कर्जासाठी. चांगलं आहे. पण तो पैसा प्रयोगशाळेच्या पुढे गेलेल्या मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. तुमचं यंत्र अडलंय ते पैशापेक्षा एका साध्या कारणाने: ते खरंच काम करतं का, हे सांगणारा कुणी त्रयस्थ नाही.

जपानमध्ये प्रत्येक प्रांतात छोट्या कारखान्यांसाठी सरकारी तपासणी आणि सल्ला केंद्रं आहेत, कोसेत्सुशी म्हणतात त्यांना. सुटा भाग घेऊन जा, ते तपासून सांगतात, तुमच्याबरोबर बसून दुरुस्त करतात. आपण शेतीसाठी हे केलंच आहे की! सातशेहून जास्त कृषी विज्ञान केंद्रं आहेत, गावपातळीवर कृषी खात्याचा माणूस आहे. कारखानदाराला कोण आहे? सीए.

हे आपल्या मातीला नवं आहे असंही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी घाणी, चक्की, कागद यांवर हेच काम केलं, आणि आजची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था त्याच जागी आहे. 1929 मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे लाख रुपये! अट अशी की यंत्र देशात बनलेलं हवं, ठराविक वेळात ठराविक सूत निघालं पाहिजे आणि किंमत 150 रुपयांच्या वर नको. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण काय हवं आहे ते इतकं नेमकं लिहिलेली सरकारी निविदा मी आजवर वाचलेली नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल घ्या. आकार, किंमत, एका घराला झेपेल एवढं काम, हे आधी ठरलं आणि मग यंत्र झालं. म्हणून ती विदर्भात बचत गटांच्या शेडमध्ये दिसते. माझ्या डाळ मिलची सुरुवातही तिच्यापासूनच झाली.

आता तुमच्या यंत्राबद्दल. प्रदर्शनात मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज टाका. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी 1,600 रुपये आहे आणि पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. आमच्या तालुक्यातल्या एका लेथवाल्याने डाळ पॉलिशचा सुरेख रोलर बनवला, मेळाव्यात सगळ्यांना हौसेने उघडून दाखवला आणि पुढच्या हंगामात तोच रोलर दुसऱ्याच्या नावाने विकत मिळायला लागला. उद्यम नोंदणी करा. तारण नसेल तर बँकेला सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगाच्या विनातारण कर्जाला मिळणाऱ्या हमीबद्दल स्वतःहून विचारा, बँक बहुधा आपणहून सांगत नाही. अन्नप्रक्रियेची 35 टक्के अनुदानाची योजना कुणीतरी तुम्हाला सुचवेल, ती कापसाला लागू नाही.

आणि तीन आकडे काढा: यंत्रातून जाण्याआधी आणि गेल्यानंतर कचरा किती टक्के, तंतूची लांबी किती, आणि ओलावा 7 टक्के असताना व 12 टक्के असताना यात काय फरक पडतो. तिसरा आकडा बहुतेकजण विसरतात. यंत्र मार्चच्या कोरड्या कापसावर छान चालतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या वेचणीला गुंडाळून बसतं. लांबी कमी होत असेल तर कितीही स्वच्छ कापूस निघाला तरी कुणी घेणार नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे या. एक रेचा तुमच्यासाठी दोन दिवस रिकामा ठेवतो, नमुने तपासायला नागपूरला पाठवू, खर्च अर्धा-अर्धा. यंत्र पिकअपमध्ये बसेल ना? बसत नसेल तर आधी ते कापून दोन भागांत करा, कारण कास्तकाराच्या शेतातही ते पिकअपमधूनच जाणार आहे.